सव्वा लाखाचे सत्त्याऐंशी हजार कसे होतात?

आजच्या भागात शीट उघडायचं आहे. मोबाइलवर गूगल शीट असेल तरी चालेल, लॅपटॉपवर एक्सेल असेल तर उत्तमच. कागदावरही हे गणित होतं. पण एक आकडा बदलला की सगळं पुन्हा मांडावं लागतं, आणि पगारात आकडे बदलतातच.

असं समजा, की इंदूरच्या एका घरातल्या मुलीला बेंगळुरूच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं आहे. सीटीसी १५ लाख. घरातले सगळे लगेच बाराने भागतात. महिना सव्वा लाख! त्या सव्वा लाखावर बेंगळुरूचं भाडं ठरतं, धाकट्या भावाची फी ठरते, इंदूरच्या फ्लॅटचा ४५ हजारांचा हप्ताही ठरतो. आणि पहिल्या महिन्याच्या अखेरीला खात्यात जमा होतात ८७ हजारांच्या आसपास. कुणी फसवलेलं नसतं. लेटरमध्ये सगळं लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी ओळीखाली ओळ मांडून पाहिलेलं नसतं. कर्जाच्या कागदावर सही व्हायच्या आधी ते मांडायचं, एवढाच आजचा विषय.

सीटीसी म्हणजे तुम्ही कंपनीला वर्षाला केवढ्याला पडता तो आकडा. आम्हा फौजींना हा प्रकार नवा. आमच्या पगारपत्रकात बेसिक, महागाई भत्ता, अधिकाऱ्याला १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, आणि वजावटीत डीएसओपी फंड. क्वार्टर, मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन यांची किंमत कुणी पगारात धरून दाखवत नसे. बाहेर उलटं आहे. इथे विम्याचा हप्तासुद्धा तुमच्या पगारात मोजून दाखवतात. शॉर्ट सर्व्हिस संपवून कंपनीत जाणारी आमची पोरं नेमकी इथे गोंधळतात.

आता शीट. चार स्तंभ करा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात वर्षाची रक्कम, तिसऱ्यात महिन्याची. चौथा स्तंभ तुम्हाला तयार शीटमध्ये सहसा दिसणार नाही, पण माझ्या मते तोच महत्त्वाचा. त्याला नाव द्या ‘कुठे जातं’. प्रत्येक ओळीसमोर चारांपैकी एक शब्द लिहायचा: हातात, साठ्यात, पुढे, किंवा खर्च.

आपल्या उदाहरणात बेसिक सीटीसीच्या निम्मं, ७,५०,०००. हातात. एचआरए बेसिकच्या ४० टक्के, ३,००,०००. हातात. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, ९०,०००. साठ्यात. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याच्या बेसिकला १५ ने गुणून २६ ने भागायचं. ६२,५०० चे येतात ३६,०५८. ही ‘पुढे’, कारण कायम नोकरीत साधारणपणे सलग पाच वर्षं काढल्यावरच ती मिळते. तिसऱ्या वर्षी नोकरी बदलली तर ही ओळ कोरडीच. गटविम्याचा हप्ता १२,०००, खर्च. व्हेरिएबल पे १,५०,०००, पुढे, आणि तेही कामगिरीवर. उरलेली रक्कम स्पेशल अलाउन्स, १,६१,९४२, हातात. सगळ्यांची बेरीज १५,००,००० यायलाच हवी. नाही आली, तर लेटरमधली एखादी ओळ तुमच्या नजरेतून सुटली आहे.

आता फक्त ‘हातात’ लिहिलेल्या ओळींची बेरीज करून बाराने भागा. १,००,९९५. म्हणजे अजून एक रुपयाही कापलेला नाही आणि सव्वा लाखातले २४ हजार गेलेसुद्धा. माझ्या मते ऑफर आली की पहिल्यांदा विचारायचा आकडा हाच. ‘सीटीसी किती’ यापेक्षा ‘महिन्याचा ग्रॉस किती’ हा प्रश्न जास्त कामाचा.

यातून वजावट. तुमच्या वाट्याचा पीएफ ७,५००. तो बुडत नाही. कंपनीचे आणि तुमचे मिळून महिन्याला १५,००० तुमच्या नावावर साठतात. काही कंपन्या पीएफ १५,००० रुपयांच्या कायदेशीर मर्यादेवरच धरतात. मग तो १,८०० होतो आणि हातात जास्त येतात. मला स्वतःला पूर्ण बेसिकवरचा पीएफ बरा वाटतो. पंचविशीतल्या मुलांना तो कधीच बरा वाटत नाही, तो भाग वेगळा.

मग व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स. आपले श्रोते बारा राज्यांत विखुरलेले, म्हणून ही ओळ नीट ऐका. राज्यघटनेनुसार हा कर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकात या पगाराला महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. मध्य प्रदेशातही वर्षाचे २,५०० भरतात. गुजरात आणि तेलंगणात महिना २००. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान इथे हा करच नाही. रक्कम किरकोळ आहे. पण भाऊ नोएडाला आणि बहीण पुण्याला असली, की दोघांच्या स्लिपा जुळत नाहीत आणि उगाच वाद होतो.

राहिला आयकर. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या पद्धतीचे दर घेऊ. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्याला दर ५ टक्क्यांनी चढतो, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. लोक यासाठी हातभर लांब ‘इफ’ची सूत्रं लिहितात आणि एका कंसात अडकतात. गरज नाही. सहा ओळी करा: ४, ८, १२, १६, २०, २४ लाख. प्रत्येक ओळीत तुमचं करपात्र उत्पन्न त्या आकड्याच्या किती वर आहे ते काढा. वर नसेल तर शून्य. हे ‘मॅक्स’ फंक्शन करतं. सहाही ओळींची बेरीज करा आणि तिचे ५ टक्के काढा. झाला कर. प्रत्येक टप्प्यावर दर ५ टक्क्यांनीच वाढतो, म्हणून हे जमतं.

आपल्या मुलीचं उत्पन्न व्हेरिएबल धरून १३,६१,९४२. त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा, राहिले १२,८६,९४२. हे ४ लाखांच्या वर ८,८६,९४२, ८ लाखांच्या वर ४,८६,९४२ आणि १२ लाखांच्या वर ८६,९४२. बेरजेचे ५ टक्के ७३,०४१. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर माफ, आणि थोडं वर गेलं तर कर वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत. म्हणून आणखी एक ओळ: काढलेला कर आणि १२ लाखांच्या वरची रक्कम, यांतलं जे कमी ते. एका ‘मिन’मध्ये सूट आणि सवलत दोन्ही बसतात. आपल्याकडे ७३,०४१ हाच कमी. त्यावर ४ टक्के सेस, एकूण ७५,९६३. बाराने भागून महिना ६,३३०. हातात येणारा पगार ८६,९६५. हेच ते सत्त्याऐंशी हजार.

इथे थांबू नका. खरी मजा पुढे आहे. व्हेरिएबलच्या रकान्यात शून्य टाका. करपात्र उत्पन्न ११,३६,९४२ होतं आणि कर शून्य. म्हणजे ७५,९६३ रुपयांचा सगळा कर त्या दीड लाखाच्या बोनसमुळे लागतो! आता रकान्यात ७५,००० टाका, निम्माच बोनस मिळाला असं धरून. कर १२,४२० आणि बोनसमधले ६२,५८० हातात. पूर्ण दीड लाख मिळाले तर हातात ७४,०३७. दुसऱ्या ७५ हजारांतून पदरात पडतात फक्त ११,४५७. शीट केल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. काही कंपन्या बोनस आधीच धरून दर महिन्याला टीडीएस कापतात, काही बोनसच्या महिन्यात एकदम. दुसऱ्या प्रकारात वर्षभर ९३,२९५ येतात आणि एका महिन्यात धक्का बसतो. आपली कंपनी कुठल्या प्रकारातली, हे एचआरला पहिल्याच आठवड्यात विचारा.

याला एक कायदेशीर वाट आहे. नव्या पद्धतीतही कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम करातून वगळली जाते. इथे ती १,०५,००० होते. कंपनी तयार असेल तर स्पेशल अलाउन्समधून तेवढे तिकडे वळवता येतात. करपात्र उत्पन्न ११,८१,९४२ वर येतं आणि कर शून्य. हातात येतात महिना ८४,५४५, म्हणजे आधीपेक्षा २,४२० कमी, आणि त्या बदल्यात पेन्शन खात्यात ८,७५० जमा. पण हे पैसे बरीच वर्षं बहुतांशी अडकतात. घराचा हप्ता अंगावर असेल तर हात आखडून निर्णय घ्या.

जुनी करपद्धत मी इथे घेतली नाही. भाडं मोठं असेल, जुनी गुंतवणूक असेल, गृहकर्जाचं व्याज असेल, तर त्यासाठी दुसरं शीट करा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. एचआरएची सूट त्याच पद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत एचआरए पूर्ण करपात्र आहे. भाडेपावत्या जमवून शेवटी नवी पद्धत निवडणारे लोक मी पाहिले आहेत.

दर, मर्यादा, टक्के हे सगळे आकडे वेगळ्या पानावर ठेवा आणि ते रकाने पिवळे करा. सूत्रात थेट आकडा लिहू नका. अर्थसंकल्पानंतर फक्त पिवळे रकाने बदलायचे.

आणि वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीत, तर जुन्या कंपनीत मिळालेलं उत्पन्न आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या सहा महिन्यांचंच उत्पन्न बघतात, दोघींनाही ते १२ लाखांच्या आतलं दिसतं, आणि कुणीच कर कापत नाही. मग रिटर्न भरायला बसल्यावर वर्षाचा सगळा कर एकदम समोर येतो, वर व्याज. म्हणून शीटमध्ये ‘आधीच्या कंपनीचं उत्पन्न’ अशी एक ओळ आजच घाला. सध्या तिच्यात शून्य राहू द्या.