हरेली, गेडी आणि टोनही : रायपुरातील एका जत्रेच्या आखणीविषयी

इंग्रजी बालकथांतील 'विच'ला मराठीत चेटकीण म्हणावे, हे आता कोणास सांगावे लागत नाही. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली, तेव्हापासून तर हा शब्द मराठी मुलांच्या कानी भीतीपेक्षा हसूच अधिक घेऊन येतो. परंतु महाराष्ट्राची सीमा ओलांडून रायपुरास गेल्यावर शेजाऱ्यांसाठी या शब्दाचे भाषांतर करण्याची वेळ आली, म्हणजे अडचण उभी राहते. छत्तीसगढीत चेटकिणीस टोनही म्हणतात. आणि टोनही हा शब्द तेथे रंगभूमीचा नव्हे, पोलीस ठाण्यातील फिर्यादीचा आहे.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांसाठी हॅलोवीनचा मेळा भरविण्याची हौस भारतीय शहरांतील शाळांत आणि गृहसंकुलांत अलीकडे दिसू लागली आहे. मुखवटे, खेळ, खाऊ आणि थोडेसे सुरक्षित भय असा हा कार्यक्रम असतो. रायपुरातील मराठी वस्ती जुनी आहे. बिंबाजी भोसले यांनी अठराव्या शतकात रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार केला. पुढे मध्य प्रांताचा भाग म्हणून हा प्रदेश दीर्घकाळ विदर्भाशी जोडलेला राहिला. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ आजही या वस्तीचे एक केंद्र आहे. अशा एखाद्या वस्तीने, मराठी आणि छत्तीसगढी मुले एकत्र खेळतील अशी जत्रा आखावयाची ठरविली, तर तिचा दिवस कोणता असावा, खेळ आणि खाऊ कोणते असावेत, आणि भयाचे सोंग कोणी घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हॅलोवीन ही सर्व संतांच्या दिवसाची, म्हणजे १ नोव्हेंबरची, पूर्वसंध्या. तिच्यामागे आयर्लंड व स्कॉटलंडमधील 'साविन' हा ऋतुसंधीचा सण आहे. पीक घरात आले, गुरे चराईवरून परतली, हिवाळा दाराशी उभा राहिला, की त्या रात्री मृतांची आणि अतिमानुषांची वाट मोकळी होते, अशी समजूत होती. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करीत. अमेरिकेत गेलेल्या लोकांस भोपळा सोपा वाटला. सण असा मातीप्रमाणे भाजी बदलतो. रायपुरात मात्र १ नोव्हेंबर हा छत्तीसगढ राज्याचा स्थापनादिन आहे (राज्य २००० साली झाले), त्यामुळे ३१ ऑक्टोबरची रात्र ही राज्योत्सवाची पूर्वसंध्या ठरते. शेतात धान पिकलेले असते, दिवाळी नुकतीच झालेली किंवा येऊ घातलेली असते. भयाला त्या ऋतूत जागा नाही. छत्तीसगढात भयाचा काळ पावसाळ्याचा. साप, हिवताप, गुरांचे रोग आणि पोराबाळांची आजारपणे यांचा तो हंगाम. म्हणून भयाची रात्रही तेव्हाच येते, आणि तिचे नाव हरेली.

हरेली म्हणजे हरियाली. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेने ती श्रावणातील अमावास्या. आपल्या अमान्त पंचांगात तीच आषाढ अमावास्या. (२०२३ साली हा दिवस १७ जुलै होता.) सकाळचा भाग सर्वस्वी शेतीचा आहे. नांगर, कुदळ, फावडे धुऊन अंगणात मांडतात, त्यांची पूजा होते आणि तांदळाच्या पिठात गूळ कालवून केलेल्या चिल्याचा नैवेद्य दाखवितात. आपल्या घावनाचाच हा गोड भाऊ. गुरांना मीठ घालून केलेले पिठाचे गोळे पानांत गुंडाळून चारतात, त्यांस लोंदी म्हणतात. गुराखी राऊत रानातून कंदमुळांचे औषध आणून देतो. दाराच्या चौकटीवर राऊत कडुनिंबाची डहाळी खोचतो, लोहार खिळा ठोकतो, आणि त्याबद्दल त्यांना धान्य मिळते. बायका भिंतीवर शेणाने सवनाहीच्या आकृती काढतात. कडुनिंब, लोखंड आणि शेण ही तिन्ही संरक्षणाची साधने आहेत, आणि ती कोणापासून संरक्षण करतात हे गावात कोणी विचारीत नाही.

मुलांसाठी मात्र हरेली म्हणजे गेडी. दोन बांबू, प्रत्येकावर पाय ठेवण्यासाठी बांबूचाच आडवा तुकडा, त्यास पऊवा म्हणतात, आणि तो आवळण्यासाठी नारळाच्या काथ्याची दोरी. पऊवा किती उंचीवर बांधावा हे मुलाच्या धाडसावर अवलंबून. दोरीवर रॉकेल सोडले की चालताना बांबू आणि दोरी घासून रच-रच असा आवाज निघतो. ज्याची गेडी वाजत नाही त्याची थट्टा होते. चिखलाच्या वाटेवर पाय न बुडविता चालण्याची ही युक्ती, तिचा खेळ झाला आणि पुढे नाचही झाला. २०१९ पासून हरेलीला राज्य शासनाची सार्वजनिक सुटी मिळाली. २०२२ साली शासनाने भरविलेल्या 'छत्तीसगढिया ऑलिम्पिक'मध्ये १४ खेळांत गेडीची शर्यत होती. २०२३ साली त्या स्पर्धा हरेलीच्याच दिवशी सुरू झाल्या आणि खेळ १६ झाले. या यादीतील नावे मराठी वाचकाने सावकाश वाचावीत. भौंरा हा आपला भोवरा. गिल्ली-डंडा म्हणजे विटीदांडू, बांटी म्हणजे गोट्या, पिट्टूल म्हणजे लगोरी. फुगडी तर शब्दशः फुगडीच. पण एक फरक आहे. छत्तीसगढी फुगडी उकिडवे बसून, पाय आळीपाळीने पुढेमागे करीत खेळतात. आपल्याकडे हात धरून गरगर फिरणे हीच फुगडीची मुख्य रीत झाली, आणि बसफुगडी तिचा एक प्रकार म्हणून उरली. एकाच मैदानावर दोन्ही मुलींना 'फुगडी खेळा' म्हणून सांगितले तर एक उभी राहील आणि दुसरी बसेल.

दिवस मावळला की हरेली पालटते. या अमावास्येच्या रात्री टोनही बाहेर पडते, मंत्र सिद्ध करते, अशी समजूत आहे. म्हणून पूर्वी लोक अंधार पडताच दारे लावून घेत. टोनही हा शब्द 'टोना'पासून आला. मराठीने टोणा हा शब्द जादूटोणा या जोडशब्दात ठेवला, पण त्यापासून बाई घडविली नाही. त्या बाईसाठी आपण चेटकीण, भुताळी, डाकीण हे निराळे शब्द वापरले. यात मराठी समाजाने समाधान मानण्याचे कारण नाही. सातपुड्यातील नंदुरबारकडच्या गावांत डाकीण ठरवून स्त्रियांचे हाल झाले आहेत, आणि महाराष्ट्राला आपला जादूटोणाविरोधी कायदा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, २०१३ साली करावा लागला. पुण्यामुंबईच्या नाट्यगृहात चेटकीण विनोदी झाली. धडगावच्या डोंगरात डाकीण तशी झाली नाही.

छत्तीसगढाने टोनही प्रताडना निवारण अधिनियम २००५ साली केला. त्यातील व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. कायद्याच्या दृष्टीने टोनही म्हणजे काळी विद्या अंगी असलेली व्यक्ती नव्हे. ही व्यक्ती काळ्या विद्येने, नजरेने किंवा अन्य मार्गाने इजा करील, असे जिच्याकडे दुसऱ्या कोणी बोट दाखविले, ती व्यक्ती. म्हणजे टोनही हे नाम नसून ती एक क्रिया आहे, आणि त्या क्रियेचा कर्ता दुसराच असतो. कोणास टोनही ठरविल्यास तीन वर्षांपर्यंत, आणि त्यावरून छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आहे. रायपूरचे नेत्ररोगतज्ज्ञ डॉ. दिनेश मिश्र आणि त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती 'कोई नारी टोनही नहीं' ही मोहीम चालवीत आली आहे. हरेलीच्याच रात्री कार्यकर्ते गावांतून आणि स्मशानांतून फिरतात आणि कोणी टोनही भेटली नाही हे लोकांना सांगतात.

आता जत्रेच्या आखणीकडे येऊ. काळा झगा, टोकदार टोपी आणि हाती झाडू घेतलेली बाई, आणि तिला 'शोधून काढण्याचा' खेळ हा हॅलोवीनच्या कार्यक्रमात सहज घातला जातो. लंडनमध्ये त्याने कोणाचे काही बिघडत नाही. रायपुरात हा खेळ म्हणजे बोट दाखविण्याचा सराव होय. मैदानावर खेळणाऱ्या दहा मुलांपैकी एखाद्याची आजी गावी विधवा, एकटी, दोन एकर जमिनीची मालकीण असू शकते. टोनहीचा आरोप बहुधा अशाच स्त्रीवर येतो. तेव्हा या सोंगास मज्जाव करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मग भय अजिबात वगळावे काय? तसे केले तर ती केवळ क्रीडास्पर्धा होईल, आणि मुलांना क्रीडास्पर्धेसाठी अमावास्येची गरज नाही. येथे त्याच तिथीची मराठी बाजू उपयोगी पडते. आषाढ अमावास्येस आपण घरातील दिवे घासून मांडतो आणि कणकेचे गोड दिवे करून खातो. (याच दिवसाला लोकांनी दिलेले दुसरे नाव वाचकांस ठाऊक आहे, त्याची चर्चा येथे नको.) याच सुमारास भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. त्यात नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण आणि बुध-बृहस्पती यांच्यासह जरा-जिवंतिका असतात, भोवती आणि मांडीवर मुले. यातील जरा ही सभापर्वातील राक्षसी. टाकून दिलेली दोन शकले तिने सांधली आणि जरासंध जिवंत झाला. ती राजाला सांगते की मी गृहदेवी आहे, आणि जो मला मुलांसह भिंतीवर रेखील त्याच्या घरी वृद्धी होईल. छत्तीसगढी स्त्री ज्या अमावास्येस भिंतीवर शेणाची आकृती काढून राक्षसीला बाहेर ठेवते, त्याच अमावास्येच्या सुमारास मराठी स्त्री भिंतीवर राक्षसीलाच आत घेते आणि मुले तिच्या मांडीवर देते. भिंत तीच, भय तेच, उपाय उलटा. सोंगच घ्यावयाचे तर जरेचे घ्यावे. तिला पाहून मुले प्रथम दचकतील, आणि मग तिच्याच हातचा दिवा खातील.

भय घालवून देण्याची दुसरी रीतही दोन्ही प्रदेशांत सारखी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे; रोगराई घेऊन जा, असे मारबतीस ओरडून सांगत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. गोंदिया-बालाघाटपासून छत्तीसगढच्या पश्चिम भागापर्यंत हाच प्रकार नारबोद या नावाने होतो. पुतळ्यावर राग काढणे माणसावर राग काढण्यापेक्षा शतपटीने बरे, हे खरे. तरी एक खटकते. काळ्या मारबतीचा संबंध नागपूरकर बाकाबाई भोसले यांच्याशी जोडतात. इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा ठपका त्यांच्यावर आहे. म्हणजे गवताकागदाच्या पुतळ्यासही आपण अखेर एका स्त्रीचे नाव दिलेच. जत्रेत मारबत करावयाची तर ती डासाची, डबक्याची किंवा तापाची करावी. नागपूरचे बडगे महागाईचे आणि भ्रष्टाचाराचे निघतातच; तेव्हा यात परंपरेचा भंग नाही.

उरला खाऊ. चिला आणि गुलगुले गरम असतानाच द्यावेत. गुलगुला हा शब्द विदर्भातून आलेल्या कुटुंबांस शिकवावा लागणार नाही. ठेठरी आणि खुरमी पोळा-तीजेच्या आहेत, पण टिकतात, म्हणून आधी करून ठेवता येतील. ठेठरी बेसनाची खारी, खुरमी गव्हाच्या पिठाची व गुळाची, आपल्या शंकरपाळ्याच्या जवळची. दारोदार फिरून खाऊ मागण्याचा जो हॅलोवीनचा आत्मा, तो छत्तीसगढात छेरछेरामध्ये आहे. पौष पौर्णिमेला, धान घरात आल्यावर, मुले 'छेरछेरा' असे ओरडत घरोघर जातात आणि प्रत्येक घर सुपातले धान त्यांच्या झोळीत घालते. न देण्यात कमीपणा मानतात. हबीब तनवीर यांनी १९७३ साली रायपुरातील नाचा-शिबिरातून उभे केलेले 'गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' हे नाटक या सणाच्या पार्श्वभूमीवरच बेतलेले आहे. पौषातली गोष्ट आषाढात आणू नये. पावसाळ्यात कणगी तळाला गेलेली असते, आणि मागणाऱ्यालाही ते कळते. त्याऐवजी भुलाबाईची खिरापत घ्यावी. झाकलेला डबा हलवून, आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचे. ओळखले नाही तर डबा उघडत नाही. ठेठरीचा खुळखुळ आणि गुलगुल्याचा धप्प आवाज यांतला फरक छत्तीसगढी मूल चटकन सांगेल, मराठी मुलास दोनदा डबा हलवावा लागेल.

मैदान मातीचे निवडावे. फरशीवर आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर ओली गेडी घसरते. नवख्यांसाठी पऊवा वीतभर उंचीवर बांधावा आणि प्रत्येकाबरोबर एक मोठा माणूस द्यावा. आणि तारीख एक नव्हे, दोन धराव्यात. हरेलीस केलेली गेडी अनेक गावांत पोळ्याच्या सुमारास मोडून वेशीबाहेर किंवा तळ्यात टाकतात. तोवर मुले ती रोज चालवितात. मारबतही तेव्हाच निघते. म्हणजे आषाढ अमावास्येस सुरू झालेली जत्रा श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, मोडक्या बांबूंवर तापाचा पुतळा बांधून, वस्तीच्या फाटकापर्यंत जाऊन संपते.