आयर्लंडच्या आया आणि ते एक इंजेक्शन

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल आणि बाळ पॉझिटिव्ह जन्मलं असेल, तर बाळंतपणानंतर तुम्हाला 'अँटी-डी' नावाचं एक महागडं इंजेक्शन दिलं असेल. कशाचं, ते त्या गडबडीत कोण विचारतं! बाळ रडत असतं, सासूबाई डिंकाच्या लाडवांचं बोलत असतात, नर्स येते आणि टोचून जाते.

हे इंजेक्शन आहे मात्र मोठं उपकारी. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं, की बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. पहिलं मूल सहसा सुखरूप असतं. दुसऱ्या खेपेला मात्र हीच प्रतिद्रव्यं वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी मोडू लागतात. आपल्या आज्यांच्या काळी 'हिची पहिल्यानंतरची मुलं जगत नाहीत' असं जिच्याबद्दल कुजबुजायचे, तिच्यातल्या काही जणींचं खरं कारण हेच असणार. १९६० नंतरच्या दशकात हे इंजेक्शन निघालं. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते घेतलं, की पुढच्या बाळाचा धोका टळतो.

पण हे औषध बनतं माणसाच्याच रक्तातून. ज्यांच्या रक्तात ती प्रतिद्रव्यं आधीच तयार झालेली आहेत, त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पाणीदार भाग, घेऊन त्यातून ते काढतात. एकीचा प्लाझ्मा कितीतरी जणींच्या इंजेक्शनांत जातो. आयर्लंडमध्ये घात झाला तो इथेच.

१९७६ साली डब्लिनमध्ये एका गर्भवतीवर उपचार चालू होते. बाळाला वाचवण्यासाठी तिचा प्लाझ्मा वरचेवर काढून बदलत होते. काढलेला प्लाझ्मा तिथल्या सरकारी रक्तपेढी मंडळाने अँटी-डी बनवायला वापरला आणि त्यासाठी तिला विचारलंसुद्धा नाही. नोव्हेंबरमध्ये तिला कावीळ झाली. कावीळ झालेल्याचं रक्त घ्यायचं नाही, हा नियम आपल्याकडच्या साध्या रक्तदान शिबिरातही पाळतात. पण मंडळाने काही दिवस थांबून तिचा प्लाझ्मा पुन्हा वापरला. १९७७ मध्ये, इंजेक्शन घेतलेल्या बायकांना कावीळ होते आहे, असं कळवलं गेलं. तरी ते औषध परत मागवलं नाही.

त्या काळी या विषाणूला नावही नव्हतं. 'ए' नाही आणि 'बी' नाही अशी कावीळ, एवढंच डॉक्टर म्हणत. 'हिपॅटायटिस सी' ओळखला गेला १९८९ मध्ये. हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप राहतो. कावीळ दिसेलच असं नाही. थकवा येतो, सांधे दुखतात. आणि थकवा ही तक्रार बाईने केली, की तिचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मुलं लहान आहेत, घरचं काम आहे, दमणारच! या आयांपैकी अनेकींनी पुढे सांगितलं, की डॉक्टरांनी त्यांचा थकवा असाच उडवून लावला होता.

१९९१ च्या डिसेंबरात लंडनच्या एका रुग्णालयाने मंडळाला कळवलं, की १९७७ च्या जुन्या नमुन्यांत हिपॅटायटिस सी सापडला आहे. तरीही दोन वर्षं काही हाललं नाही. शेवटी कॉर्कच्या डॉ. जोन पॉवर यांच्या लक्षात आलं, की रक्तदानाला येणाऱ्यांपैकी ज्यांच्यात हा विषाणू सापडतो त्यांत निगेटिव्ह गटाच्या आया बऱ्याच आहेत. म्हणजे पाहा, पत्ता लागला तो या बायका स्वतः रक्त द्यायला गेल्या म्हणून! २१ फेब्रुवारी १९९४ रोजी ही गोष्ट जाहीर झाली आणि देशभर तपासणी सुरू झाली.

१९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासात ६२,६६७ जणींच्या तपासणीचा हिशेब आहे. ७०४ जणींना लागण झाल्याच्या खुणा होत्या, त्यांपैकी ३९० जणींच्या रक्तात विषाणू अजून होता. ज्या ३७६ जणींची सविस्तर तपासणी झाली, त्यांपैकी २४८ जणींची तक्रार एकच होती: थकवा. सतरा वर्षांचा थकवा!

डोनेगलच्या ब्रिजिड मॅकोल या बारा मुलांच्या आई. त्यांनी मंडळावर आणि सरकारवर खटला भरला. आजाराचा बोभाटा होऊ नये म्हणून टोपणनावाने दावा चालवायची परवानगी मागितली, तर कोर्टाने नाकारली. सरकारी बाजू शेवटपर्यंत ताणत राहिली. १९९६ च्या सप्टेंबरात मंडळाने चूक कबूल केली, तेव्हा बाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. २ ऑक्टोबरला त्या गेल्या. नंतर आरोग्यमंत्र्यांनी संसदेत त्यांच्या वकिलांवर टीका केली आणि त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. १९९७ च्या चौकशी अहवालात मात्र सगळा प्रकार लिहिला गेला.

हे वाचून कोणी अँटी-डी टाळायला जाऊ नका हं. आता प्लाझ्मा देणाऱ्यांची तपासणी होते आणि औषध बनवताना विषाणू मारण्याची प्रक्रिया केलेली असते. इंजेक्शन चुकवलं, तर पुढच्या बाळाचा धोका कितीतरी मोठा आहे.

आपल्याकडेही पैसे घेऊन रक्त विकणारे लोक पूर्वी होतेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. आता प्रत्येक बाटलीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. पण तुमच्या आईला किंवा सासूबाईंना त्याआधी, बाळंतपणात किंवा ऑपरेशनच्या वेळी, रक्त चढवलं असेल आणि त्या 'अंगात त्राणच नाही' म्हणत असतील, तर डॉक्टरांना ते सांगा आणि 'अँटी-एचसीव्ही' तपासणीबद्दल विचारा. ही साधी रक्ताची तपासणी आहे. आजार निघालाच, तर आता गोळ्या आहेत. बहुतेकांना तीन महिने घ्याव्या लागतात आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी आणि जाताना जुन्या ऑपरेशनचे कागद असतील तर बरोबर न्यावेत.