जयंतीचा मंडप उभारताना: आधी आरसीसीबी, मग ड्रिल

१४ एप्रिलच्या तयारीत कमान, स्टेज, रोषणाईसाठी ड्रिल-ग्राइंडर आपलेच तरुण चालवतात. बोर्डात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्या करंटने तो ट्रिप होत नाही. जीव वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. रोज काम सुरू करण्यापूर्वी त्याचे टेस्ट बटण दाबून पाहा.

सोललेल्या वायरी सॉकेटमध्ये खुपसू नका. ग्राइंडरचे गार्ड काढू नका, डोळ्यांना चष्मा लावा. डिस्क किंवा बिट बदलताना प्लग काढा. जमीन ओली असेल तर काम थांबवा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या जयंतीत राबणाऱ्या हातांची सुरक्षा ही मंडळाचीच जबाबदारी. बॅनरआधी आरसीसीबीचा खर्च धरा. जय भीम!