विषारी सर्पांचे वर्गीकरण : नाव एक, जाती अनेक

सर्पदंश ही ग्रामीण भारतापुढील एक गंभीर आपत्ती आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लक्ष माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांत राहणारी होती. यास्तव साप ओळखणे व त्यांच्या जाती निश्चित करणे हे कार्य केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचे नाही. ते माणसाच्या जिवाशी निगडित आहे.

विषारी सापांचे गट

विषदंतांच्या रचनेवरून विषारी सापांचे प्रमुख गट पडतात. नाग, नागराज व मण्यार यांचे विषदंत आखूड, स्थिर आणि जबड्याच्या पुढील भागात असतात. समुद्रसर्प याच कुळातील असून वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्यांची खूण होय. या कुळाचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर आघात करते; पापण्या जड होतात व पुढे श्वास बंद पडतो.

दुसरे कुळ घोणस, फुरसे आणि चापडा यांचे. यांचे विषदंत लांब असून मिटलेल्या चाकूच्या पात्याप्रमाणे टाळूला टेकून राहतात व दंश करताना पुढे येतात. यांच्या विषाने सूज येते व रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. चापड्याच्या डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये उष्णता जाणणारी खाच असते. हरणटोळासारख्या सापांचे विषदंत जबड्याच्या मागील बाजूस असतात. त्यांचे विष सौम्य असून माणसास सहसा घातक ठरत नाही.

रूपसाम्याचा धोका

रंगावरून केलेली ओळख पुष्कळदा फसवी ठरते. निरुपद्रवी कवड्या साप मण्यार समजून मारला जातो. मण्यारीच्या अंगावरील पांढरे पट्टे मानेकडे पुसट व शेपटीकडे स्पष्ट असतात. कवड्याचे पट्टे याउलट पुढील भागात ठळक दिसतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरील खवले मोठे व षट्कोनी असतात. बिनविषारी डुरक्या घोणशीलाही घोणशीच्या साम्यामुळे प्राणास मुकावे लागते.

उलट प्रकारची चूक अधिक महाग पडते. पश्चिम घाटात नाकाचे टोक वर वळलेला एक लहानसा चापडा आढळतो. तो फुरसे समजला जाण्याची शक्यता असते. त्याच्या दंशाने जीव धोक्यात आल्याची केरळमधील निश्चित उदाहरणे २००७ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच्या विषावर भारतातील प्रचलित प्रतिविष परिणामकारक ठरत नाही.

एका नावाखाली दडलेल्या जाती

पूर्वी वर्गीकरण खवल्यांच्या रांगा, पोटाखालील व शेपटीखालील पट्टिका, दात आणि रंग यांवर आधारलेले असे. आज त्यास पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीची जोड मिळाली आहे. तिच्यामुळे दिसण्यात सारखे, परंतु दीर्घ काळ परस्परांपासून विभक्त राहिलेले साप वेगळे ओळखता येऊ लागले.

नागराजाचे उदाहरण बोलके आहे. १८३६ साली थिओडोर कँटर यांनी या सापाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे दीर्घ काळ भारतापासून फिलिपाईन्सपर्यंतचे सर्व नागराज एकाच जातीचे मानले जात. २०२४ साली इंद्रनील दास, पी. गौरी शंकर प्रभृती संशोधकांनी त्यांच्या चार जाती असल्याचे दाखवून दिले. पश्चिम घाटातील नागराजास ‘ओफिओफॅगस कालिंगा’ हे नाव मिळाले. ते या सापाच्या कन्नड नावावरून घेतले आहे. गोवा आणि कर्नाटकाच्या घाटवनांतील हा साप आता उत्तर व पूर्व भारतातील नागराजाहून निराळा गणला जातो.

हरणटोळाचीही हीच कथा. भारतातील जो हिरवा हरणटोळ श्रीलंकेतील जातीचा समजला जाई, त्यात अनेक स्वतंत्र जाती असल्याचे २०२० साली सिद्ध झाले. त्यांपैकी एक पश्चिम घाटाच्या उत्तर भागातील आहे. याच भागातील ओढ्यांत वावरणाऱ्या एका बिनविषारी सापाची नवी जात म्हणून नोंद २०१७ साली झाली. हे साप तेथील रहिवाशांच्या पाहण्यात होतेच. शास्त्राच्या नोंदीत मात्र ते वेगळे नव्हते.

प्रतिविष व जातिनिश्चिती

भारतातील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. विषाची अल्प मात्रा घोड्यास टोचून त्याच्या रक्तात निर्माण झालेले प्रतिकारक द्रव्य वेगळे काढले जाते. नागराज, समुद्रसर्प व चापडा यांचे विष त्यात समाविष्ट नाही. शिवाय एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशपरत्वे भिन्न असू शकते. कोणत्या प्रदेशात कोणती जात आहे याची अचूक नोंद झाली, तरच त्या प्रदेशास उपयुक्त असे प्रतिविष बनविणे शक्य होईल. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे. ते गाठण्यास ही नोंद साह्यभूत ठरावी.

ग्रामस्थांचे कर्तव्य

दंश झाल्यास साप शोधण्यात वा मारण्यात वेळ दवडू नये. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा व त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. जखम कापणे, चोखणे वा घट्ट दोरी बांधणे अपायकारक आहे. मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री झोपेत होतो. वेदना अल्प असते व खूणही दिसत नाही. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी वापरावी व ती अंथरुणाखाली नीट खोचावी. सापाची जात न कळल्यासही उपचार अडत नाहीत. डॉक्टर लक्षणे पाहतात. तसेच रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवून ते गोठते की नाही हे तपासतात.

नाग, घोणस, नागराज आदी सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये संरक्षण आहे. घरात साप शिरल्यास वन खात्यास कळवावे. शिक्षकांनी आपल्या परिसरातील सापांची चित्रे व स्थानिक नावे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. जो साप नेमका ओळखता येतो, त्याच्याविषयीची भीती विवेकाला जागा देते; आणि संकटसमयी विवेकानेच माणसाचे व सापाचेही प्राण वाचतात.