ज्येष्ठांसाठी किती घरं हवीत?

बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये खाली दुकान, वर घर ही जुनी रीत. मराठी बोलणारी घरंही त्यात आली. मुलं उपनगरात गेली, की आजी-आजोबा वरच्या मजल्यावर अडकतात. त्यांच्यासाठी घरं किती लागतील?

२०११च्या जनगणनेत साठीपुढचे सुमारे १० कोटी ३८ लाख भारतीय होते. हा आकडा वय सांगतो, जिना नाही. २००७चा कायदा जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय सुचवतो. पुरेशी पेन्शन असलेले आजोबा त्यात बसतच नाहीत.

म्हणून दारोदार विचारायचं: जिना चढवतो का? रात्री सोबतीला कोण? भाडं किती झेपेल? आणि मुख्य म्हणजे, पेठ सोडाल का? ‘नाही’ म्हणणाऱ्यांसाठी उपनगरातली घरं मोजू नका. इथल्याच तळमजल्यावरच्या खोल्या शोधा.