भिडू गेले की खेळ मोडतो

पुष्कळ माणसे इंटरनेटवरून एकत्र खेळतात असे खेळ निघाले आहेत. नवा खेळ आला की जत्रेसारखी गर्दी होते आणि थोड्याच दिवसांत ओसरते. असे का होते, ते मी सांगतो.

ॲमेझॉन कंपनीचा 'न्यू वर्ल्ड' हा खेळ सप्टेंबर २०२१ मध्ये निघाला. एका वेळी नऊ लाखांहून जास्त जण खेळत. आत शिरायला सुद्धा रांग! पण तेच तेच काम करून लोक कंटाळले. काही जण लबाडीने खेळातली संपत्ती दुप्पट करू लागले. काही महिन्यांत बहुतेक खेळाडू निघून गेले.

सोनी कंपनीचा 'काँकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला. तसले खेळ फुकट मिळत असताना हा विकत होता. खेळाडू फारच थोडे जमले. ६ सप्टेंबरला तो बंद झाला. कंपनीने पैसे परत केले.

त्या खेळाला पाच विरुद्ध पाच असे दहा भिडू लागत. भिडू कमी असले की डाव सुरू व्हायला वेळ लागतो. थांबून थांबून आणखी काही जण जातात. मग थांबणे अजून वाढते. मागे उरतात ते पटाईत. त्यांच्यापुढे नवा भिडू लगेच बाद होतो. तो परत कशाला येईल?

आपल्या खो-खोचेही तसेच आहे. एका बाजूला नऊ जण लागतात. म्हणून लहानग्यांना हाकलू नका, 'कच्चे लिंबू' म्हणून खेळायला घ्या. आपण सातवीतून गेल्यावर मैदान त्यांनाच राखायचे आहे.