मागचे पाय गेले, म्हणून कुत्रे संपले नाही

वाहनाची धडक बसलेले कुत्रे पुढच्या दोन पायांवर फरपटत जाताना आपण पाहतो आणि 'आता हे काही जगत नाही' म्हणत पुढे जातो. पशुवैद्यक या नात्याने मला सांगावेसे वाटते, की अशी कित्येक कुत्री माराने नव्हे, तर नंतरची निगा न मिळाल्याने दगावतात.

आधी स्वतःला जपा. वेदनेने कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते. अपघाताची खूण नसताना पाय लुळे पडलेले, लाळ गळणारे, जबडा लोंबणारे कुत्रे रेबीजचे असू शकते. त्याला हात न लावता पशुवैद्यकाला कळवा. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

जखमी कुत्र्याला पाय धरून ओढू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या सतरंजीवर, पाठ सरळ ठेवून न्यावे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अशा आपल्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्या कुत्र्याला विषासारख्या बाधतात.

तपासताना आम्ही मागच्या बोटाला चिमटा घेतो. नुसता पाय आखडला तर त्यावरून काही ठरत नाही. कुत्र्याने वळून पाहिले किंवा ते कण्हले, तर संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे आणि सुधारण्याची आशा बरी असते.

खरा धोका लघवी तुंबण्याचा. थेंब थेंब गळते म्हणजे मूत्राशय मोकळे होते असे नव्हे. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पोट हलके दाबून लघवी काढावी लागते. ही रीत पशुवैद्यकाकडून हाताने शिकून घ्यावी. अंथरूण मऊ व कोरडे ठेवावे, दर चार तासांनी कूस बदलावी, नाहीतर शय्याव्रण होऊन त्यात किडे पडतात. जखमा भरल्यावर मागच्या अंगाला आधार देणारा दोन चाकांचा गाडा लावता येतो. मात्र झोपताना तो काढावा.

असे कुत्रे पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही. तेव्हा घरी आणण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: दुपारी त्याची लघवी कोण काढणार? आळीतल्या चार घरांनी वेळा वाटून घेतल्या, तर हे ओझे कुणा एकावर पडत नाही.